आर्नोच्या काठचा कोल्हापूरकर

युरोपची सहल आता आपल्या कोल्हापूरला नवलाची राहिलेली नाही. दर उन्हाळ्यात शहरातून माणसे जातात, पंधरा दिवसांत सात-आठ देश बघतात आणि परत येतात. शिवाजी पेठेत एखाद्या घरी अशा मंडळींचे फोटो बघायला बसावे, तर आयफेल टॉवर येतो, स्वित्झर्लंडचा बर्फ येतो आणि मग येतात नदीकाठचे राजवाडे, त्यांच्या बागा, कारंजी. फोटो बघता बघता चहा होतो आणि घरातली वडीलधारी बाई सहज म्हणून जाते, ‘‘किती नीट ठेवलंय रे त्यांनी!’’

खरोखरच नीट ठेवले आहे. फ्रान्समधला शेनोन्सोचा वाडा घ्या. शेर नावाच्या नदीच्या पात्रातच सोळाव्या शतकात तो उभा राहिला. बांधकामावर देखरेख केली कॅथरिन ब्रिसोने या बाईने. पुढे डियान द प्वातिए हिने नदीवर पूल टाकला, राणी कॅथरिन द मेदिची हिने त्या पुलावर लांबलचक दालन चढवले. दोघींनी आपापल्या बागा केल्या, त्या आजही दोघींच्याच नावाने ओळखल्या जातात. फ्रेंच राज्यक्रांतीत इतर वाड्यांची नासधूस होत असताना हा वाचला, तो मादाम द्युपँ नावाच्या वृद्ध मालकिणीमुळे. पहिल्या महायुद्धात याच दालनात जखमी सैनिकांचे इस्पितळ होते. ही सगळी माहिती आपल्याला कोण देते? तिथला गाइड देतो, पुस्तिका देते, दारावरची पाटी देते. आपण ती ऐकतो, परत येऊन चार जणांना सांगतो. परक्या देशातल्या, परक्या राण्यांची नावे आपल्या तोंडी बसतात.

मला आज बोलायचे आहे ते अशाच एका नदीकाठच्या बागेबद्दल. ती फ्रान्समध्ये नाही, शेजारच्या इटलीत आहे. आपल्या सहलीच्या बसगाड्या त्या शहरात जातात, पण त्या बागेच्या टोकापर्यंत सहसा जात नाहीत. आणि त्या टोकाला जे उभे आहे ते कोणा मेदिचीचे किंवा लुईचे नाही. ते आपले, कोल्हापूरचे आहे.

शहर फ्लॉरेन्स. नदी आर्नो. मायकेल अँजेलोचा डेव्हिड, मोठ्या घुमटाचे चर्च आणि दुकानांनी भरलेला जुना पूल बघून झाला की बस पुढच्या गावाला निघते. त्याच नदीच्या काठाने पश्चिमेकडे, म्हणजे पाणी वाहत जाते त्या दिशेला गेले, की कॅशिने नावाची बाग लागते. रुंदी फार नाही, पण लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर. एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला शहर. नावाचा अर्थ मोठा घरगुती आहे. कॅशिने म्हणजे दुभत्या जनावरांचे गोठे. मेदिची घराण्याची ही शेतीवाडी होती, शिकारीचे रान होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या ग्रँड ड्यूकने तिला बागेचे रूप दिले. राजवाड्यासारखी एक देखणी इमारत उभी राहिली, बर्फ साठवायला पिरॅमिडच्या आकाराची कोठी झाली, झाडांच्या रांगांमधून सरळ रस्ते निघाले. पुढे नेपोलियनची बहीण एलिसा तिथे राज्य करू लागली, तेव्हा ही राजघराण्याची बाग सर्वसामान्यांना खुली झाली. १८१९ मध्ये इंग्रज कवी शेली याला पश्चिम वाऱ्यावरची आपली प्रसिद्ध कविता सुचली, ती आर्नोकाठच्या याच रानात. आज त्या राजवाड्यात विद्यापीठाचे शेतकी शिक्षण चालते, आणि बागेतल्या रस्त्यावर दर मंगळवारी आठवडी बाजार भरतो. आपल्याकडच्या माणसाला परके वाटू नये असेच सगळे.

बाग संपत आली की उत्तरेकडून मुन्योने नावाचा एक लहान ओढा येऊन आर्नोला मिळतो. नेमक्या त्या जागी झाडांच्या सावलीत एक छत्री आहे. पावसातली नव्हे, राजघराण्यातल्या माणसाच्या दहनाच्या जागी आपण जी उभारतो ती. खांबांवर तोललेले घुमटाचे छत्र, त्याखाली उंच चौथऱ्यावर एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा पाहत मोठे झालेल्या माणसाला अर्धपुतळा म्हणजे काय, हे सांगायला नको. या तरुणाच्या डोक्यावर पगडी आहे, अंगावर दागिने आहेत. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहेत. हे करवीरचे छत्रपती राजाराम महाराज. ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांनी फ्लॉरेन्समध्ये देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय वीस वर्षे आणि काही महिने एवढेच होते.

कोण होते हे राजाराम महाराज? त्यांचा जन्म १३ एप्रिल १८५० चा. म्हणजे ज्या वर्षी आपले करवीर नगर वाचन मंदिर सुरू झाले, त्याच वर्षीचा. जन्मनाव नागोजीराव, घराणे पाटणकरांचे. कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी महाराज, ज्यांना आपण बाबासाहेब महाराज म्हणतो, त्यांच्या बहिणीचा हा मुलगा. बाबासाहेबांना मुलगा नव्हता. १८५७ च्या आधीचा काळ असता, तर दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी संस्थान घशात घातले असते. शेजारच्या साताऱ्याचे तेच झाले होते. पण १८५७ च्या उठावाने इंग्रज शहाणे झाले. १८६२ मध्ये दत्तकाची सनद मिळाली आणि १८६६ मध्ये बाबासाहेब वारले तेव्हा सोळा वर्षांचा हा मुलगा गादीवर बसला.

त्या उठावाची आठवण घराण्यात ताजी होती. बाबासाहेबांचे धाकटे बंधू चिमासाहेब महाराज यांचा कोल्हापूरच्या उठावाशी संबंध होता, म्हणून इंग्रजांनी त्यांना दूर कराचीला नेऊन ठेवले होते. तिथेच १८६९ मध्ये त्यांचा अंत झाला. म्हणजे बघा, दीड वर्षाच्या अंतराने करवीरच्या घराण्यातले दोन पुरुष घरापासून शेकडो, हजारो मैलांवर गेले. एक कैदेत गेला, दुसरा प्रवासात.

राजाराम महाराजांचे शिक्षण इंग्रजी पद्धतीने झाले. कारभार पोलिटिकल एजंटच्या नजरेखाली चाले. एडवर्ड वेस्ट नावाचे कॅप्टन त्यांच्या शिक्षणावर देखरेख करीत. त्यांच्याबरोबर आणि आपल्या माणसांबरोबर महाराज मे १८७० मध्ये कोल्हापूरहून निघाले, इंग्लंड बघायला. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, असे मानणारा तो काळ. परत आलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्याच्या पंक्तीला बसावे की नाही यावर वाद होत. गादीवर बसलेल्या राजाने अशा काळात बोटीत पाय ठेवणे, ही लहान गोष्ट नव्हती. युरोपला गेलेल्या पहिल्या हिंदू संस्थानिकांत त्यांची गणना होते.

या प्रवासाची रोजनिशी महाराजांनी लिहून ठेवली, तीही इंग्रजीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८७२ मध्ये कॅप्टन वेस्ट यांनी ती लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली. तिच्यात आपल्याला एक चौकस मुलगा भेटतो. राणी व्हिक्टोरियाची भेट आहे, पार्लमेंट आहे, नाटके आहेत, बागा आहेत, शाळा-कॉलेजे आहेत. लंडनमध्ये राहून हिंदुस्थानची बाजू मांडणारे दादाभाई नौरोजी त्यांना भेटले. लहानपणीच गादी गमावून इंग्लंडमध्ये वाढलेले पंजाबचे दुलीपसिंगही भेटले. एक जण हिंदुस्थानचा पैसा कुठे जातो याचा हिशेब मांडणारा, दुसरा ज्याचे राज्यच गेले तो. वीस वर्षांच्या राजाने एकाच उन्हाळ्यात या दोघांशी बोलावे, यावरून त्या प्रवासाचे मोल कळते. यातून पुढे काय घडले असते, याचे तर्क करण्यात अर्थ नाही. पण तो नुसता मौजेचा प्रवास नव्हता, एवढे त्या पानांवरून दिसते.

आता फ्रान्सकडे येऊ. त्या फ्रेंच राजवाड्यांचा आणि आपल्या राजाचा एक संबंध आहे, पण तो उलटा आहे. लंडनहून हिंदुस्थानला यायची नेहमीची वाट पॅरिसवरून जायची. पण महाराज इंग्लंडमध्ये असतानाच, जुलै १८७० मध्ये, फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. सप्टेंबरात फ्रान्सचा बादशहा पकडला गेला आणि पॅरिसला वेढा पडला, तो जानेवारीपर्यंत उठला नाही. फ्रान्समधली वाट बंद झाली. मग महाराजांची मंडळी बेल्जियम, जर्मनी, आल्प्सचे डोंगर असा वळसा घालून इटलीकडे उतरली. नोव्हेंबरची थंडी होती. वाटेतच प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्सला पोहोचल्यावर ती सुधारेल असे वाटले होते. उलट ती ढासळत गेली आणि नदीकाठच्या एका हॉटेलात महिनाअखेरीस सगळे संपले.

फ्लॉरेन्स त्या वेळी साधेसुधे शहर नव्हते. १८६५ पासून ते नव्या, एक झालेल्या इटलीची राजधानी होते. दोनच महिन्यांपूर्वी इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या होत्या, आणि राजधानी आता तिकडे हलणार हे ठरले होते. अशा गडबडीत एका परक्या, हिंदू राजाचे शव तिथल्या अधिकाऱ्यांपुढे आले. बरोबरच्या मंडळींनी सांगितले, आमच्या धर्माप्रमाणे दहन झाले पाहिजे, आणि ते नदीकाठी, संगमावर झाले पाहिजे.

ही मागणी किती अवघड होती, हे समजून घ्यायला दोन जुनी उदाहरणे पाहावी लागतील. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला वारले. द्वारकानाथ टागोर, म्हणजे रवींद्रनाथांचे आजोबा, १८४६ मध्ये लंडनला वारले. दोघांनाही तिथल्या मातीत पुरावे लागले. कारण इंग्लंडमध्ये दहनाची चालच नव्हती. कॅथलिक इटलीत तर चर्चची शिकवण दफनाचीच. युरोपातल्या नव्या दहनगृहांतले एक पहिले दहन इटलीतच, मिलानला झाले, पण ते १८७६ मध्ये. म्हणजे अजून सहा वर्षे पुढची गोष्ट.

तरीही फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. वेळ फार नव्हता, जागा ठरली ती बागेच्या टोकाची, आर्नो आणि मुन्योने जिथे मिळतात तिथली. १ डिसेंबरला तिथे चिता रचली गेली. आपल्याकडे जसे तूप, कापूर, मंत्र असतात, तसेच सगळे त्या परक्या नदीच्या वाळूत झाले. थंडीत फ्लॉरेन्सचे लोक बघायला जमले होते. असले काही त्यांनी पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. पुढे युरोपात दहनाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी या प्रसंगाचा दाखला दिला.

कोल्हापूरच्या माणसाला या ‘संगम’ शब्दाचे महत्त्व सांगावे लागत नाही. आपली पंचगंगा म्हणजेच एक संगम आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि डोळ्यांना न दिसणारी सरस्वती, अशा पाच नद्यांचा. प्रयाग चिखलीला जाऊन आपण तो पाहतो. त्या थंड पहाटेला फ्लॉरेन्समध्ये अडकलेल्या आपल्या मंडळींनी परक्या देशाच्या नकाशावर पहिल्यांदा काय शोधले असेल, तर दोन पाणी मिळणारी जागा. ती सापडली आणि आर्नोचा काठ घटकाभर पंचगंगेचा झाला.

इकडे कोल्हापुरात या मृत्यूने जे सुरू झाले, ते फार दूरवर गेले. राजाराम महाराजांना मुलगा नव्हता. १८७१ मध्ये नारायणराव नावाच्या लहान मुलाला दत्तक घेऊन चौथे शिवाजी महाराज म्हणून गादीवर बसवले. या मुलाचे पुढे फार हाल झाले. तो वेडा आहे असे ठरवून त्याला कोंडून ठेवले गेले. महाराजांचा छळ होतो आहे, दिवाण माधवराव बर्वे त्याला जबाबदार आहेत, असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिले. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट निघाली आणि १८८२ मध्ये लोकमान्य टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ते शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेले ‘कोल्हापूर प्रकरण’ हेच. पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, तो दुर्दैवी तरुण राजा अहमदनगरच्या किल्ल्यात मरण पावला. तिथे पहाऱ्यावरच्या एका गोऱ्या सैनिकाशी त्याची झटापट झाली होती. आणि मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून आणखी एक मुलगा दत्तक आला. त्याचे नाव यशवंतराव. ते आपले राजर्षी शाहू महाराज.

इतिहासात असे दुवे असतात. आर्नोच्या काठी एक चिता पेटली आणि चौदा वर्षांनी तिच्या वाटेने कोल्हापूरला शाहू महाराज मिळाले. म्हणून काही कोणी त्या मृत्यूला बरे म्हणणार नाही. पण शाहू महाराजांच्या चरित्राचे पहिले पान उघडायचे असेल, तर ते फ्लॉरेन्सच्या त्या हॉटेलात उघडावे लागते, हे खरे. १९०२ मध्ये शाहू महाराज स्वतः युरोपला गेले. ते परदेशात असतानाच २६ जुलैला संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला. परदेशी गेलेल्या राजाकडून रयतेला काय मिळू शकते, याचे उत्तर घराण्याने पुढे असे दिले.

आता त्या छत्रीकडे वळू. ती १८७४ मध्ये पुरी झाली. पुतळा घडवला फ्लॉरेन्समध्येच राहणाऱ्या चार्ल्स फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने. छत्रीचा आराखडा होता मेजर चार्ल्स मँट यांचा. हे नाव तुम्ही ऐकले नसेल, पण त्यांचे काम तुम्ही रोज बघता. आपला टाउन हॉल मँट यांचा. सीपीआर, म्हणजे पूर्वीचे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, मँट यांचे. आणि १८७७ ते १८८४ या काळात काळ्या दगडात उभा राहिलेला नवा राजवाडाही मँट यांचाच. मोगल, राजपूत, गुजराती आणि युरोपीय कारागिरी एकत्र करून त्यांनी एक वेगळी घाटणी तयार केली. बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा आणि अजमेरच्या मेयो कॉलेजचा आराखडाही त्यांचा. १८८१ मध्ये ते वारले, तेव्हा नवा राजवाडा पुरा व्हायचा होता.

म्हणजे सहलीला गेलेला कोल्हापूरकर आर्नोच्या काठी त्या छत्रीपुढे उभा राहिला, तर तिचा घुमट, तिचे कोरीव काम त्याला कुठेतरी पाहिल्यासारखे वाटेल. वाटायलाच हवे. टाउन हॉलच्या बागेत बसून ज्याने लहानपणी शेंगा खाल्ल्या, त्याच्या डोळ्यांना तो हात ओळखीचा आहे.

आणि टाउन हॉलवरून आणखी एक गोष्ट आठवते. टाउन हॉलमध्ये आपले वस्तुसंग्रहालय आहे. तिथे काचेमागे पितळेसारख्या धातूची, वीतभरही नसलेली एक मूर्ती आहे. १९४० नंतरच्या दशकात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झाले, तेव्हा ती मिळाली. ती मूर्ती पोसायडनची, म्हणजे ग्रीक-रोमन लोकांच्या समुद्रदेवाची. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी आपला व्यापार चालायचा, तेव्हा तो देव जहाजातून, मग बैलांच्या पाठीवरून घाट चढून इथे आला. गंमत बघा, त्या देशाचा देव आपल्या नदीकाठी सापडला आणि आपला राजा त्यांच्या नदीकाठी विसावला. एकाला ठेवलेली इमारत आणि दुसऱ्यावर धरलेली छत्री, दोन्ही एकाच माणसाने आखल्या. कोणी मुद्दाम जुळवून आणू म्हटले तरी जुळणार नाही असा हा योग.

पण मला खरे सांगायचे आहे ते यापुढचे. फ्लॉरेन्समध्ये जाऊन तुम्ही ‘राजाराम महाराजांचे स्मारक कुठे आहे’ असे विचारले, तर कोणी फारसे सांगू शकणार नाही. ‘इंदियानो’ कुठे आहे असे विचारा, लगेच वाट दाखवतील. इंदियानो म्हणजे हिंदी माणूस. त्या पुतळ्याला लोक पिढ्यान् पिढ्या तेच म्हणतात. तिथून जवळच १९७८ मध्ये आर्नोवर एक भव्य पूल झाला. मधले अंतर सुमारे दोनशे मीटर, मध्ये खांब नाही, सगळा भार पोलादी केबलवर तोललेला. त्या काळी असे पूल जगात थोडे होते. त्या पुलाचे नाव काय? ‘इंदियानोचा पूल’. रोज हजारो मोटारी त्यावरून जातात. रेडिओवर रहदारीची बातमी देताना ते नाव घेतले जाते. पण तो इंदियानो कोण, कुठला, त्याचे गाव कोणते, हे त्या मोटारींतल्या किती जणांना माहीत असेल?

त्यांना हसण्याआधी आपल्याकडे बघू. आपल्या कोल्हापुरात राजाराम हे नाव पावलोपावली आहे. राजारामपुरी आहे, राजाराम बंधारा आहे, राजाराम कॉलेज आहे, भवानी मंडपात राजाराम हायस्कूल आहे. यातले कोणते राजाराम कोण? एक राजाराम शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र, ताराराणींचे पती. एक राजाराम शाहू महाराजांचे चिरंजीव, जे १९२२ पासून १९४० पर्यंत गादीवर होते. राजारामपुरी आणि बंधारा त्यांच्या नावाचा. आणि या दोघांच्या मधले हे तिसरे, फ्लॉरेन्सचे. १८८० मध्ये सुरू झालेले राजाराम कॉलेज त्यांच्या नावाचे आहे. त्याच राजाराममध्ये गोपाळ कृष्ण गोखले शिकले. दक्षिण महाराष्ट्रातल्या किती घरांत पहिला पदवीधर त्या कॉलेजातून बाहेर पडला असेल! त्या सगळ्यांच्या प्रमाणपत्रावर त्या वीस वर्षांच्या मुलाचे नाव आहे. पण त्यातल्या किती जणांनी त्याचा चेहरा पाहिला आहे?

फ्लॉरेन्सने चेहरा ठेवला आणि नाव विसरले. आपण नाव ठेवले आणि चेहरा विसरलो. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. स्मारके जिथे असतात तिथल्या लोकांच्या हवाली असतात. ती त्यांच्या पद्धतीने त्यांच्या बोलण्यात शिरतात. आपण आपल्याकडे ब्रह्मपुरीच्या त्या समुद्रदेवाला तरी त्याच्या नावाने कुठे ओळखतो? बहुतेक जण त्याच्या काचेपुढून तसेच पुढे जातात.

पण शेनोन्सोच्या वाड्याची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, ती याचसाठी. त्या वाड्याच्या बागेत फुलांपेक्षा जास्त काही टिकले असेल, तर ती त्या बायकांची नावे. कुठली बाग डियानची आणि कुठली कॅथरिनची, हे तिथले पोरसुद्धा सांगते. कारण ते सांगण्याची सवय तिथे मोडू दिलेली नाही. याला फार मोठा खर्च लागत नाही. भवानी मंडपातल्या शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी मुलांना विचारायचे, की बाळांनो, आपल्या शाळेचे नाव कोणत्या राजारामांचे? मुलांना माहीत नसेल तर सांगायचे. महाराजांच्या त्या इंग्रजी रोजनिशीची जुनी प्रत आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते; कॉलेजच्या मुलांनी त्यातली चार पाने वर्गात मोठ्याने वाचावीत. आपल्याच वयाचा कोल्हापूरचा एक मुलगा पहिल्यांदा जग बघतो तेव्हा त्याला काय दिसते, हे त्यांना ऐकू द्यावे.

आणि जे सहलीला जाणार आहेत त्यांनी फ्लॉरेन्सला एक अर्धा दिवस मोकळा ठेवावा. कंपनीच्या कार्यक्रमात नसेल तर दुपारी खरेदीला जो वेळ देतात त्यातला काढावा. ट्रामने कॅशिनेपर्यंत जाता येते. पुढे बागेतून, नदी डाव्या हाताला ठेवून, चालत राहायचे. तासाभरात वाट संपते तिथे तो आहे. जाताना कोणी फूल नेले तर चांगलेच. नाही नेले तरी चालेल. पण तिथे फिरायला आलेला एखादा म्हातारा इटालियन भेटला, आणि भेटतोच, तर त्याला खुणेने सांगायचे, हा इंदियानो आहे खरा, पण याला नाव आहे. याचे नाव राजाराम. आणि मी याच्या गावचा आहे.